नोंद नसलेली इजा

११ मे २०२१ रोजी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) रुग्णालयात त्या दिवशी पहाटे दोन ते सहा या चार तासांत २६ कोविड रुग्ण दगावले. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने, प्राणवायूच्या पुरवठ्याअभावी यापुढे एकाही रुग्णाचा जीव जाता कामा नये, असे सरकारला बजावले. तो दिवस होता १२ मे, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची जयंती आणि जगभर पाळला जाणारा परिचारिका दिन. त्या सकाळी गोमेकॉतून रात्रपाळी संपवून बाहेर पडलेल्या परिचारिकांना कोणी शुभेच्छा दिल्या असतील, तर त्यांनी त्या कोणत्या मनाने स्वीकारल्या असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

त्यानंतर बरेच दिवस गोव्यात प्राणवायूचीच चर्चा चालू होती. सिलिंडरांनी भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणून जोडताना नळ्यांतला दाब का पडतो, द्रवरूप प्राणवायूची मोठी टाकी आधीच का बसवली गेली नाही, मृत्यू पुरवठ्यातील खंडामुळे झाले की आजाराच्या तीव्रतेमुळे, यावर विधाने आणि प्रतिविधाने झाली. प्रतिज्ञापत्रे सादर झाली, मुख्यमंत्र्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. हे सगळे आवश्यकच होते. परंतु त्या चार तासांत वॉर्डात उभ्या असलेल्या, एकेका रुग्णाच्या रक्तातले प्राणवायूचे प्रमाण, म्हणजे सॅच्युरेशन, घसरताना पाहणाऱ्या आणि फोनवर फोन करूनही हाती काही न लागलेल्या परिचारिकांचे पुढे काय झाले, हा प्रश्न कोणत्याही समितीच्या कार्यकक्षेत आला नाही. तो आपल्याही चर्चेत आला नाही, कारण मरण पावलेल्यांचे दुःख इतके मोठे होते की, जिवंत राहिलेल्या कर्मचाऱ्यांच्या मनाची चौकशी करणे कोणाला सुचलेच नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. साथीच्या काळात परिचारिकांच्या मनावर जो आघात झाला, तो कामाच्या ठिकाणी, कामामुळे झालेली इजा आहे. कारखान्यात यंत्रात हात सापडलेल्या कामगाराला आपण धीर धरण्याचा उपदेश करून घरी पाठवत नाही. त्याच्या अपघाताची नोंद होते, उपचाराचा खर्च मालकाकडे जातो आणि यंत्राला जाळी का नव्हती, हे विचारले जाते. परिचारिकेच्या बाबतीत मात्र नोंद, उपचार आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी आपण तिच्या स्वतःच्या सहनशक्तीवर सोपवून मोकळे झालो आहोत. हे अन्यायाचे आहे, आणि पुढची साथ येईल तेव्हा ते आपल्याला परवडणारेही नाही.

परिचारिकेचे काम डॉक्टरांच्या कामापेक्षा वेगळ्या रीतीने मनाला भिडते, ते सान्निध्यामुळे. डॉक्टर राउंडला येतात, निर्णय घेतात, पुढच्या वॉर्डात जातात. त्यांचा ताण कमी असतो असे मुळीच नाही. पण पाळीचे सगळे तास त्याच दहा-बारा चेहऱ्यांबरोबर काढायचे, कूस बदलायची, तोंड पुसायचे, पालथे झोपवलेल्या माणसाच्या गालाखालची उशी सरकवायची, हे परिचारिका करते. रुग्णाला श्वास पुरत नाही हे मॉनिटरवर दिसण्याआधी तिला त्याच्या डोळ्यांत दिसते. कोविडच्या वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे एरवी मुलगी, सून, भाऊ यांच्यात वाटली जाणारी शेवटच्या घटकेची सोबत एकट्या परिचारिकेच्या वाट्याला आली, आणि तीही एकाच पाळीत अनेकांची.

आमच्या वाड्यावरची एक मुलगी त्या काळात कोविड वॉर्डात स्टाफ नर्स होती. रुग्णालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. पुष्कळ दिवसांनी, इतर गोष्टी बोलता बोलता, तिने मला दोन कामांबद्दल सांगितले. पहिले काम फोन धरण्याचे. घरच्यांना शेवटचे बघता यावे म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल ती रुग्णाच्या चेहऱ्यासमोर धरत असे. पलीकडून कोणी रामरक्षा म्हणत असे, कोणी रोझरी म्हणत असे, कोणी नुसते रडत असे. तेवढ्यात शेजारच्या खाटेचा अलार्म वाजे. “काका, फोन कधी बंद करायचा ते मलाच ठरवायला लागायचं,” ती म्हणाली. “त्यांचं म्हणून झालेलं नसायचं आणि मला ‘आता ठेवते हां’ म्हणायला लागायचं.” दुसरे काम मृताच्या अंगावरच्या वस्तू उतरवून त्यांची यादी करण्याचे. वहीत सोन्याला सोने लिहायचे नसते, पिवळा धातू लिहायचे असते, कारण पारख करणे हे परिचारिकेचे काम नव्हे. दुहेरी हातमोजे घातलेल्या हाताने तिने ‘पिवळ्या धातूचे मंगळसूत्र, एक, काचेच्या बांगड्या, चार’ असे लिहायचे, दुसऱ्या नर्सची सही घ्यायची आणि पिशवीवर खाटेचा क्रमांक टाकायचा. हे सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. तो सपाटपणा मला रडण्यापेक्षा जास्त काळजीचा वाटला.

याला नुसता थकवा म्हणणे चूक आहे. थकवा झोपेने जातो. अँड्र्यू जेमटन या अमेरिकी तत्त्वचिंतकाने १९८४ मध्ये परिचर्येतील नीतिप्रश्नांचा विचार करताना एका वेगळ्याच क्लेशाकडे लक्ष वेधले होते. योग्य काय आहे हे परिचारिकेला माहीत असते, पण संस्थेच्या मर्यादांमुळे तसे वागणे तिला अशक्य होते, आणि त्यातून तो क्लेश निर्माण होतो. साथीच्या काळात हे अगदी ढळढळीतपणे घडले. अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका असावी, अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि अन्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत. रजेवर जाणाऱ्यांची उणीव भरून काढण्यासाठी ३० टक्के अधिक मनुष्यबळ ठेवावे, असेही त्यांत म्हटले आहे. ज्या परिचारिकेने हे निकष परीक्षेसाठी पाठ केले, तिलाच एकाच वेळी तीन अलार्म वाजत असताना आधी कोणाकडे जायचे, हे ठरवावे लागले. ज्याच्याकडे ती गेली नाही, तो तिच्या स्मरणात राहतो. तिने काही चुकीचे केलेले नसते, तरी अपराध केल्यासारखे वाटत राहते, आणि या भावनेला कोणी अधिकृतपणे उत्तर दिले नाही तर ती आतल्या आत घट्ट होत जाते.

गोव्याच्या बाबतीत या सान्निध्याला आणखी एक पदर आहे, आणि बाहेरच्यांना तो सहसा कळत नाही. पंधरा-सोळा लाख वस्तीच्या या राज्यात अनोळखी रुग्ण असा फारसा नसतोच. सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या एखाद्या गावातली मुलगी बांबोळीला नर्स आहे, ही सगळ्या गावाची ठेव असते. कोणाला दाखल करायचे झाले की पहिला फोन तिला जातो. एरवी यात आपलेपणाच असतो, आणि या आपलेपणावर गोव्यातल्या कित्येक गरीब रुग्णांचे बरे चालले आहे. पण २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, तपासलेल्या दर दोन नमुन्यांपैकी एक बाधित निघण्याची वेळ आली, तेव्हा याच आपलेपणाचे ओझे झाले. पाळी संपली तरी फोन संपत नसत. ‘आमच्या मामांना जरा बघून ये’, ‘त्यांनी जेवण घेतले का विचार’, ‘खाट मिळेल का’. तिच्या हाती खाट देणे नव्हते, पण तिने दिली नाही असा समज मात्र होऊ शकत होता. आणि मामा गेले, की त्यांच्या घरावरूनच तिला रोज बसस्टॉपवर जायचे होते. मोठ्या शहरातली परिचारिका निदान रुग्णालयाच्या फाटकाबाहेर अनोळखी होते. आमच्या परिचारिकांना ती सुटका नव्हती. सिंधुदुर्गातून गोव्यात नोकरीला आलेल्या परिचारिकांचे हाल वेगळे होते. टाळेबंदीत गोवा-महाराष्ट्र सीमेवरचा पत्रादेवीचा नाका बंद झाला, तेव्हा दोडामार्ग किंवा बांदा हे अंतर हाकेचे असूनही परदेशासारखे दूर गेले. त्या वर्षीच्या चतुर्थीला, २२ ऑगस्ट २०२०ला, ज्या घरांत गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली गेली पण घरातली लेक किंवा सून आली नाही, अशी घरे सीमेच्या दोन्ही बाजूंना होती.

आता कौतुकाबद्दल. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता आपण टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी सैन्यदलांनी देशभरातल्या रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले उधळली. त्यामागची भावना खोटी होती असे मी म्हणणार नाही. त्या दिवसांत लोक मनापासून कृतज्ञ होते. मात्र त्याच काळात देशात अनेक ठिकाणी घरमालक परिचारिकांना खोल्या सोडायला सांगत होते आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले होत होते, त्यामुळे २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला साथरोग कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती करून अशा हल्ल्यांसाठी तुरुंगवासाची तरतूद करावी लागली. थाळी वाजवणारे आणि खोली रिकामी करायला सांगणारे एकाच समाजातले होते, कदाचित काही वेळा एकाच इमारतीतलेही.

कौतुकाचा मला दिसणारा खरा धोका त्याहून सूक्ष्म आहे. ज्याला आपण वीर म्हणतो, त्याला रडण्याची मुभा राहत नाही. मराठी मनात रुग्णसेवेची प्रतिमा व्रताची आहे आणि तिचे मूळ उदात्त आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुलगा यशवंत याच्यासह पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा केली आणि एका आजारी मुलाला उचलून आणताना स्वतः संसर्ग होऊन १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. केरळात २०१८ च्या निपाच्या साथीत लिनी पुथुसेरी ही तरुण परिचारिका रुग्णसेवा करताना बाधित होऊन गेली. या दोघींपुढे कोणीही नतमस्तकच होईल. पण त्यागाची ही उदाहरणे आपण प्रत्येक परिचारिकेच्या कामाचे मोजमाप म्हणून वापरू लागलो, की पगार, रजा, मदतनीस किंवा समुपदेशन मागणारी परिचारिका आपोआप कमी प्रतीची ठरते. व्रत घेतलेल्याने तक्रार करायची नसते. सावित्रीबाईंनी ते काम स्वतःच्या इच्छेने उचलले होते, आणि त्या काळातल्या सरकारी व्यवस्थेने माणसांना वाऱ्यावर सोडले होते म्हणून उचलले होते. त्यांच्या नावाने आजच्या सरकारी किंवा खासगी व्यवस्थेची उणीव झाकणे, हा त्यांच्या कार्याचा सन्मान होऊ शकत नाही.

सरकारी तरतुदींतही हीच वृत्ती उतरलेली दिसते. मार्च २०२० मध्ये प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजखाली आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर झाला. खासगी आणि कंत्राटी कर्मचारीही त्यात होते, ही चांगली गोष्ट. पण तो विमा मृत्यूचा होता. परिचारिका गेली तर तिच्या घरच्यांना आधार होता. ती जगली, पण रात्री झोपेतून दचकून उठू लागली, वॉर्डाच्या दाराशी येताच हातपाय गार पडू लागले, तर तिच्यासाठी काही नव्हते. साथीच्या काळात लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती. आरोग्यसेवेत काम करताना जडणारे संसर्गजन्य रोग त्या यादीत होते, मनाचे आजार नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मात्र २०१० मध्येच आपल्या यादीत मानसिक आणि वर्तनविषयक विकारांचा समावेश केला आणि त्यात आघातोत्तर तणाव विकाराचा नावानिशी उल्लेख केला. कामाच्या ठिकाणी सतत राहणाऱ्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या तणावातून येणारी हतबल अवस्था (बर्नआउट) जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या रोगवर्गीकरणात कामाशी निगडित घटना म्हणून नोंदवली आहे. म्हणजे कारण कामात आहे, हे जगाने मान्य केले आहे. आपल्याकडे ते अजून परिचारिकेच्या स्वभावात शोधले जाते.

यावर एक आक्षेप मला अनेकदा ऐकू आला आहे आणि तो मी हलका मानत नाही. लोक म्हणतात, ‘आमचा माणूस वॉर्डात तळमळत होता आणि सिस्टर खेकसत होत्या. त्यांच्या दुःखाचे तुम्ही काय सांगता?’ ज्यांनी हे सोसले आहे त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. असे घडले आहे, आणि ते घडायला नको होते. पण ते का घडते, हे समजून घेतले तर माझा मुद्दा उलट बळकट होतो. वर उल्लेखिलेल्या अवस्थेची जी लक्षणे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहेत, त्यांत अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटणे आणि कामातली परिणामकारकता घटणे यांच्याबरोबर कामापासून मनाने दूर जाणे, त्याविषयी नकारात्मक होणे हेही आहे. सतत माणसे गमावणारे मन स्वतःला वाचवण्यासाठी समोरच्या माणसाकडे खाटेचा क्रमांक म्हणून पाहू लागते. त्या क्रमांकाने हाक मारली की राग येतो, कारण हाक आली म्हणजे तो पुन्हा माणूस होतो. खेकसणारी परिचारिका निर्दय आहे असे समजून आपण तक्रार करतो, तिला मेमो मिळतो, आणि तिच्या वॉर्डातली परिचारिकांची संख्या आहे तेवढीच राहते. परिचारिकेची काळजी आणि रुग्णाची काळजी या एकमेकींच्या विरोधातल्या गोष्टी आहेत, असे मानण्यात रुग्णाचाच तोटा आहे.

साथीत सगळ्यांनीच सोसले, मग परिचारिकांचेच वेगळे काय, असेही विचारले जाते. वॉर्डबॉय, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, शवागारातले कर्मचारी यांनीही सोसले, आणि मी जे मागतो आहे ते त्यांनाही मिळायला हवे. मृतांच्या कुटुंबांचे दुःख तर सर्वांत मोठे. पण नोकरीचा करार करून ज्यांना आपण त्या वॉर्डात पाठवले, त्यांच्याबाबत समाजाचे आणि मालकाचे दायित्व सहानुभूतीहून अधिक ठरते.

मदतीची साधने नाहीत, असे गोव्याने तरी म्हणू नये. मनोविकार उपचारांची सरकारी संस्था बांबोळीलाच आहे, वैद्यकीय महाविद्यालयापासून अगदी जवळ. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कमी मनुष्यबळात मानसिक आरोग्याची सेवा कशी द्यावी, हे जगाला दाखवणारे काम याच भूमीत झाले आहे. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत देऊन पाहिली. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांतल्या रुग्णांत बरे होण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले. पुढे तीव्र नैराश्यासाठीही अशीच पद्धत येथे तपासली गेली आणि ती उपयोगी ठरली. ज्या राज्याच्या गावांतून हे ज्ञान जगभर गेले, त्याच राज्यातल्या परिचारिकेला ते कामाच्या ठिकाणी मिळू नये, याची खंत वाटते.

अर्थात, संस्था जवळ असणे आणि तिथे जाता येणे यात फरक आहे. स्वतःच्याच रुग्णालयाशेजारच्या मनोविकार संस्थेत केसपेपर काढायला कोणती परिचारिका जाईल? खिडकीवरचा कारकून तिच्या वर्गमैत्रिणीचा भाऊ असतो. दुपारपर्यंत वॉर्डात कळते, संध्याकाळपर्यंत गावात, आणि लग्नाची मुलगी असेल तर पुढचे बोलायलाच नको. २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य उपक्रमाची १४४१६ ही दूरध्वनी सेवा आहे आणि अनोळखी आवाजाशी बोलता येणे हा तिचा मोठा गुण आहे. परंतु एका फोनने जे हलके होते ते साधे असते. गोव्यात परिचारिकांसाठी समुपदेशन करायचे तर ते रुग्णालयाच्या बाहेर, रुग्णालय प्रशासनाच्या नोंदींपासून पूर्ण अलग आणि सेवापुस्तिकेत ज्याची खूण राहणार नाही असे करावे लागेल. त्यासाठी अनुभवी, निवृत्त परिचारिकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण द्यावे, असे मला वाटते. पिवळ्या धातूची यादी कशी करतात, हे ज्यांना समजावून सांगावे लागत नाही, त्यांच्यापाशी बोलणे सोपे जाते.

समुपदेशन हा मात्र यातला सोपा भाग आहे, आणि म्हणूनच त्यावरच थांबण्याचा मोह प्रशासनाला होतो. एखादे तणावमुक्तीचे शिबिर, एक ध्यानधारणेचे सत्र, एक छायाचित्र, आणि विषय मिटला. वॉर्डात परिचारिका अर्ध्याच असतील तर ध्यानाने उरलेल्या अर्ध्या येत नाहीत. खाटांची संख्या वाढवण्याच्या घोषणा आपण टाळ्या वाजवून ऐकतो, पण त्या खाटांमागे परिचारिका किती भरणार, हे विधानसभेतही फार क्वचित विचारले जाते. खासगी रुग्णालयांची स्थिती आणखी वाईट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांना कोठेही दरमहा २० हजार रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत ते सरकारी वेतनाच्या बरोबरीचे असावे, अशी शिफारस केली होती. ती पाळली जाते का, हे कोणत्याही खासगी रुग्णालयातल्या नव्या नर्सला विचारून पाहावे. मग अनुभव गाठीशी आला की ती आखातात, ब्रिटनला किंवा आयर्लंडला जाते, आणि मागे राहिलेल्यांच्या डबल ड्युट्या वाढतात. तिला देशप्रेमाचे धडे देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दुसरी गोष्ट, जिला पैसाही फारसा लागत नाही, ती म्हणजे परिचारिकेच्या शब्दाला वजन देणे. पुरवठ्यात बिघाड होतो आहे, हे सर्वांत आधी खाटेजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीला कळते. रात्रीच्या वेळी तिने दिलेली सूचना कोणाकडे गेली, किती वाजता गेली आणि त्यावर काय केले गेले, याची वेळेसह नोंद व्हावी आणि ती नोंद नंतर कोणाला बदलता येऊ नये. याचा उपयोग रुग्णाला तर आहेच. पण आपण सांगितले होते, आपल्या बाजूने काही राहिले नव्हते, याचा लेखी पुरावा असणे हे त्या परिचारिकेच्या मनासाठी पुढे आयुष्यभराचे औषध ठरू शकते. जेमटन यांनी सांगितलेल्या क्लेशाचे मूळ असहायतेत आहे. आपले म्हणणे ऐकले गेले, एवढ्यानेही त्या असहायतेची धार कमी होते. तसेच, पाळी बदलताना रुग्णांचा हँडओव्हर होतो, त्याला जोडून, ज्या पाळीत मृत्यू झाले त्या पाळीतल्या परिचारिकांना दहा-पंधरा मिनिटे एकत्र बसून बोलता यावे, आणि ती मिनिटे ड्युटीत धरली जावीत. लागोपाठ मृत्यू पाहिलेल्या परिचारिकेला कारण न विचारता भरपगारी रजा मिळावी. ३० टक्के राखीव मनुष्यबळाचा निकष कागदावर न राहता पाळला गेला, तरच अशी रजा देता येईल, नाहीतर एकीच्या रजेचे ओझे दुसरीवर पडून तीही त्याच वाटेने जाईल.

या सगळ्यांतून निसटलेला एक गट आहे, आणि मला त्याची सर्वाधिक काळजी वाटते. साथीच्या लाटेत देशभर ठिकठिकाणी परिचारिका थोड्या महिन्यांच्या कंत्राटावर घेतल्या गेल्या. त्यांपैकी बऱ्याच जणी नुकतीच जीएनएम ही परिचर्येची पदविका किंवा बीएस्सी नर्सिंग पूर्ण केलेल्या, विशी-बाविशीच्या होत्या. ज्येष्ठ परिचारिकांनी उभ्या हयातीत पाहिले नसतील इतके मृत्यू त्यांनी नोकरीच्या पहिल्याच काही आठवड्यांत पाहिले. लाट ओसरली, कंत्राट संपले. त्यांना सेवापुस्तिका नाही, संघटना नाही, निवृत्तिवेतन नाही. त्यामुळे उद्या सरकारने कायम कर्मचाऱ्यांसाठी चांगली योजना आणली तरी ती त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. कोणी आज दुकानात कामाला आहे, कोणी घरी आहे, कोणी नर्सिंग कायमचे सोडले आहे. परंतु त्यांची नावे आणि पत्ते पगारपत्रकांत आहेत, आणि गोव्यासारख्या लहान राज्यात ते शोधून काढायला एका कारकुनाला फार दिवस लागू नयेत. आरोग्य खात्याने त्या प्रत्येकीला पत्र लिहावे, तिची प्रकृती विचारावी, तपासणी आणि समुपदेशन विनामूल्य मिळेल असे कळवावे, आणि तिने त्या वॉर्डात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, याचे प्रमाणपत्र त्याच लिफाफ्यात घालावे.